समुद्राच्या तळाशी खरंच शांतता असते का? तिथल्या खडकामुळे आवाजात फरक पडतो का?

शांतता अजिबात नसते. 2015 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या सर्वांत खोल भागात, जवळपास 11 किलोमीटर खाली, हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन सोडला होता. त्यात वर चाललेली जहाजं, देवमासे, भूकंप आणि डोक्यावरून गेलेलं वादळसुद्धा ऐकू आलं.

खडकाबद्दल म्हणाल तर फरक पडतो, आणि भरपूर पडतो. मी बेळगावात भूविज्ञान शिकवतो. समुद्र बघायला आम्हाला चोर्ला घाट उतरावा लागतो, पण तुमचा प्रश्न निम्मा दगडाचाच आहे.

भूकंप आणि ज्वालामुखी सोडले तर तळ स्वतः फारसा आवाज करत नाही. आवाज येतो वरून: जहाजं, वारा, लाटा, पाऊस. त्यातला किती जिरवायचा आणि किती परत पाठवायचा, हे तळ ठरवतो. निपाणी-चिकोडीकडच्या खडीच्या खाणीत ताज्या काळ्या दगडावर हातोडा मारून बघा, टणकन वाजतो. पाऊस झाल्यावर शेजारच्या काळ्या रानात मारा, नुसतं धप्प. समुद्रातही तोच दगड आहे, बेसॉल्ट. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, बेसॉल्टमध्ये त्याच्या तिपटीच्या आसपास. एवढी तफावत असली की बराच आवाज उलटा फिरतो. खोल समुद्रातल्या मऊ चिकणगाळात मात्र वेग जवळजवळ पाण्याइतकाच, कधी किंचित कमीच. पाणी कुठं संपलं हे आवाजाला कळतच नाही; तो सरळ आत शिरतो आणि तिथंच जिरतो. आपल्या अरबी समुद्रात दोन्ही आहे. उत्तरेला सिंधू नदीनं आणून टाकलेला काही किलोमीटर जाडीचा गाळ, आणि दक्षिणेकडं समुद्राखालच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेचा उघडा, नवा बेसॉल्ट.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो उताराचा भाग. समुद्रात साधारण एक किलोमीटरच्या आसपास एक थर असतो, तिथं ध्वनीचा वेग सर्वांत कमी. या थरात शिरलेला आवाज वरखाली वळत राहतो, पण बाहेर पडत नाही आणि हजारो किलोमीटर जातो. जहाजाच्या खालचा तळ सपाट असेल तर त्याचा खाली तिरका गेलेला आवाज दर आपटीला थोडा थोडा मरतो. तेच जहाज किनाऱ्यापासून खोल जाणाऱ्या उताराच्या वर असलं, की दर आपटीला आवाजाची वाट उताराच्या कोनाच्या दुपटीनं आडवी होते. उतार 3 अंशांचा असेल तर 6 अंशांनी. अशा काही आपट्यांत आवाज त्या थरात जाऊन बसतो. म्हणून उतारावरचं एक जहाज भर समुद्रातल्या जहाजापेक्षा कितीतरी दूर ऐकू येतं. भूकंपाचा हादराही अशाच उतारांवरून खडकातून पाण्यात उतरतो.

उलट, त्या थरापर्यंत उंच आलेले डोंगर आवाज अडवतात. अणुचाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेनं हिंदी महासागरात चागोस बेटांपैकी दिएगो गार्सिया या बेटाजवळ हायड्रोफोन बसवलेत, ते एकाच बाजूला बसवून भागलं नाही. चागोसच्या उथळ पठारामुळं पलीकडचा आवाज पोचत नाही, म्हणून तीन उत्तरेला आणि तीन दक्षिणेला ठेवावे लागले.