पोलिसांच्या मोटारसायकलीवरचे दिवे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वाहनांच्या विद्युत जोडणीचे काम मी इंदूरमध्ये चाळीस वर्षे करत आलो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे पोलिसांच्या मोटारसायकली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. गेल्या काही महिन्यांत या विषयावर आलेल्या पत्रांत तेच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसले, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: 2017 साली गाड्यांवरचे लाल दिवे बंद झाले. मग पोलिसांच्या मोटारसायकलीवर लाल-निळे दिवे कसे चालतात? (पलासिया)

केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 एप्रिल 2017 रोजी घेतलेला आणि 1 मेपासून अमलात आलेला निर्णय मान्यवरांच्या गाड्यांवरच्या दिव्यांपुरता होता. आग विझवणे, कायदा व सुव्यवस्था राखणे, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित आपत्तीला तोंड देणे अशा तातडीच्या कर्तव्यावरील वाहनांसाठी लाल, निळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या दिव्यांची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 108 मध्ये कायम आहे. मात्र ही सवलत कर्तव्याला दिलेली आहे, माणसाला नव्हे. आरक्षक (पोलीस शिपाई) घरी परतताना दिवा चालू ठेवत असेल, तर तो नियमाबाहेरच वागत असतो.

प्रश्न: मी नगर सुरक्षा समितीचा सदस्य आहे. रात्रीच्या गस्तीसाठी माझ्या स्वतःच्या मोटारसायकलीवर छोटा लाल-निळा दिवा लावू का? (सुदामा नगर)

नाही.

प्रश्न: आमची खाजगी सुरक्षा संस्था आहे. दिवे विकणारा म्हणतो की पक्के बिल घेतले म्हणजे दिवे कायदेशीर झाले. हे खरे का? (विजय नगर)

हे अजिबात खरे नाही आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असते. बिलाने वस्तू विकत घेतल्याचे सिद्ध होते, ती वाहनावर लावण्याचा अधिकार मिळत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. ‘सगळेच लावतात’ हे वाक्य मी रोज ऐकतो. ते वाक्य चलन करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उपयोगी पडत नाही. पिवळा दिवा तरी चालेल का, असेही आपण पुढे विचारले आहे. खरेदी करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचे तोंडी आश्वासन हे उत्तर नव्हे.

प्रश्न: माझे यजमान वाहतूक शाखेत आहेत. गाडीवर नवे दिवे बसल्यापासून बॅटरी दर आठ-दहा दिवसांनी बसते. एलईडी वीज खातच नाही, असे मेकॅनिक सांगतो. गेले चार महिने गाडी ढकलून सुरू करत आहेत. (परदेशीपुरा)

चार महिने थांबायला नको होते. शिशाची बॅटरी अर्धमेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वपदावर येत नाही.

एलईडी वीज कमी खातो, पण खातोच. पुढे-मागे मिळून 36 वॅटचे दिवे असतील, तर 12 व्होल्टवर 3 अँपिअर प्रवाह लागतो. इंजिन चालू असते तेव्हा तो भार मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) उचलतो, परंतु यजमान चौकात गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून दिवे चालू ठेवत असतील, तर सगळा भार बॅटरीवर पडतो. 9 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तीन तास पुरेल असे वाटते. प्रत्यक्षात ती तेवढीही पुरत नाही, कारण हा आकडा सावकाश, दहा तासांत काढलेल्या प्रवाहासाठी असतो आणि सेल्फ फिरवण्याइतकी ताकद तर त्याच्या कितीतरी आधीच संपते. इंजिन मंद गतीवर ठेवून भागेल, असेही समजू नका. त्या गतीला मॅग्नेटोची वीज बरीच घटते आणि हेडलाइट तर 1 एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकींवर इंजिनाबरोबर आपोआप चालूच असतो.

दुसरे कारण जोडणीत असू शकते. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. सीट उचलली तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. एका दुकानदाराने टेललाइटची वायर सोलून तिच्यावरच दिव्यांची वायर पिळली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. फ्यूज नव्हता, रिले (विजेवर चालणारा स्विच) नव्हता. टेपचा गोंद उन्हाने वितळून वायरींवर ओघळला होता आणि शेजारचा कपलर (वायरी जोडणारा भाग) तपकिरी पडून त्याची एक पिन आतल्या आत सैल झाली होती. दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी वायर हवी, बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा आणि किल्ली बंद केली की दिव्यांची वीज तोडणारा रिले हवा. नाहीतर फ्लॅशरचा (दिवा लुकलुकवणाऱ्या सर्किटचा) बारीकसा प्रवाह गाडी उभी असतानाही दिवसरात्र चालू राहतो आणि आपण लिहिता तशी बॅटरी आठ-दहा दिवसांत बसते.

गाडी सरकारी असल्याने घरच्या मेकॅनिककडे मुळीच देऊ नका. यजमानांना एम.टी. (पोलिसांच्या मोटार ट्रान्सपोर्ट) शाखेत आजच लेखी तक्रार नोंदवायला सांगा आणि किल्ली बंद असताना बॅटरीतून निघणारा प्रवाह मोजून घ्यायची विनंती करा. हे मोजमाप पाच मिनिटांचे आहे.

प्रश्न: खोक्यावर आयपी 67 लिहिले आहे. मग गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली तर चालेल ना?

चालणार नाही, कारण 67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी पाणी शिरत नाही, एवढेच. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते.

प्रश्न: वेगळे दिवे न लावता हेडलाइटच लुकलुकवणारे सर्किट लावले तर?

मोटारसायकलीला बहुधा एकच हेडलाइट असतो आणि तो अंधारात अर्धा वेळ विझवणे म्हणजे चालवणाऱ्याला अर्धा वेळ आंधळे करणे होय. त्या वायरींना हात लावण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न: आमचे मंडळ गणेशोत्सवातील आणि रंगपंचमीच्या गेरेतील (रंगांच्या मिरवणुकीतील) बंदोबस्तासाठी वाहतूक पोलिसांना मोटारसायकलींचे दिवे भेट देऊ इच्छिते. बाजारातले सर्वांत झगझगीत दिवे कोणते? (रामबाग)

आपली भावना चांगली आहे, परंतु प्रश्नातला ‘सर्वांत झगझगीत’ हा शब्दच मला काळजीत टाकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दिव्याचे काम दोन गोष्टी कळवण्याचे आहे: इथे पोलीस आहे आणि तो इतक्या अंतरावर, अमुक दिशेने चालला आहे किंवा थांबला आहे. जो दिवा पहिली गोष्ट ओरडून सांगतो आणि दुसरी लपवतो, तो धोकादायक आहे. दुपारच्या उन्हात दिसण्यासाठी जेवढे तेज लागते, तेवढेच तेज रात्री समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर आले तर डोळ्यातच प्रकाश विखुरतो आणि दिव्याच्या आजूबाजूचे सगळे एका पांढुरक्या पडद्याआड जाते. त्या पडद्याआड कोण असते? गाडीशेजारी उभा असलेला आरक्षक. अंधाराला सरावलेला डोळा एकदा दिपला की पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात, आणि पन्नासच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे चौदा मीटर पुढे आलेली असते.

हे मी स्वतः पाहिले आहे. बायपासवर रात्री एक गाडी स्टँडवर लावून, मागचे दिवे पूर्ण तेजावर ठेवून, तिच्या डाव्या अंगाला एका आरक्षकाला चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून उभे केले आणि मी मागे शंभर पावले चालत गेलो. मागे वळून पाहिले तेव्हा लाल-निळ्या लखलखाटापलीकडे मला माणूसच दिसेना. हात हलवत असल्याचे तो वायरलेसवर सांगत होता आणि मला हात दिसत नव्हता. मग दिवे मंद केले, लुकलुकणे सावकाश केले आणि एका जीपचा हेडलाइट त्याच्याकडे वळवला. जाकिटाच्या दोन्ही आडव्या पट्ट्या, खांदे, हलणारा हात असे सगळे लगेच उमटले. त्या पट्ट्या येणाऱ्या गाडीचाच प्रकाश तिच्याकडे परत पाठवतात. शेजारी झगझगीत दिवा असला की त्यांचे काम फुकट जाते.

लुकलुकण्याच्या वेगाचेही असेच आहे. विक्रेते वीस-पंचवीस ‘पॅटर्न’ मोजून दाखवतात आणि ग्राहक जितके जास्त तितके चांगले, असे समजतो. युरोपात प्रचलित असलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम 65 सेकंदाला दोन ते चार लुकलुकी एवढीच मर्यादा घालतो, कारण त्याहून वेगवान थरथरीत अंतराचा अंदाज नीट बांधता येत नाही आणि अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते. रंगांबाबत एवढे लक्षात ठेवा की अंधारात डोळा निळ्याला अधिक आणि लाल रंगाला कमी प्रतिसाद देतो. त्यामुळे उन्हात लाल आणि रात्री निळा उठून दिसतो. दोन्ही लावण्याचे कारण हे आहे, परंतु रात्री जास्त दिपवणाराही निळाच असतो.

तेव्हा खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. पुष्कळदा तो आतल्या एलईडींची संख्या गुणिले तीन असा काढलेला असतो आणि मीटर लावला की निम्माही भरत नाही. त्याऐवजी प्रकाश पाहून रात्री आपोआप मंद होणारा आणि दोन अवस्था असलेला संच मागा. चालताना चहूबाजूंनी दिसणारा प्रकाश हवा, तर थांबल्यावर पुढचे दिवे बंद होऊन फक्त मागचे, मंद आणि सावकाश लुकलुकणारे हवेत. थांबलेल्या गाडीसाठी मागे वर ओढता येणारा दांड्यावरचा दिवा उत्तम, कारण तो गर्दीच्या डोक्यांवरून दिसतो. राजवाड्यासमोर गेर आलेली असताना कमरेइतक्या उंचीवरचे दिवे कुणालाच दिसत नाहीत. गाडी चालवताना मात्र तो दांडा खाली घेतलाच पाहिजे.

आणि मुख्य म्हणजे खरेदी करून मग भेट देऊ नका. आधी पोलीस आयुक्त कार्यालयाला पत्र द्या, एम.टी. शाखेने सुचवलेला नमुना एका गाडीवर बसवून रात्री रस्त्यावर तपासून घ्या आणि त्यानंतरच मंडळाचा पैसा खर्च करा.

प्रश्न: दिवा आणि सायरन चालू असताना पोलिसांची मोटारसायकल सिग्नल तोडू शकते का? धडक झाली तर दोष कुणाचा? (छावणी)

2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत तातडीच्या कामावर असताना तशी मुभा आहे, पण स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुरेशी काळजी घेऊन. इतरांनी वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दोषाचा निर्णय न्यायालय करते. आपल्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्या.

तांत्रिक बाजू एवढीच की बहुतेक गाड्यांवर दिवे पुढे आणि मागे असतात, तर चौकातला धोका आडव्या रस्त्याने येतो. बाजूने पाहिले असता अशी गाडी साध्या गाडीसारखीच दिसते. लेगगार्डवर किंवा पुढच्या फोर्कवर बाहेरच्या बाजूला तोंड केलेला एक-एक दिवा असावा, असा आग्रह मी प्रत्येक वेळी धरतो.

प्रश्न: दिवे लावले की वायरलेसमध्ये खरखर येते.

स्वस्त फ्लॅशरमधून उठणारी विद्युत लहर संचात शिरते. दिव्यांच्या वायरी अँटेनाच्या तारेपासून दूर न्या, अर्थिंग तपासा आणि तरीही खरखर राहिली तर फ्लॅशर बदलून घ्या. नियंत्रण कक्षाचा निरोप अर्धवट ऐकू येणे ही किरकोळ तक्रार नाही, त्यामुळे रेडिओ शाखेला त्याच दिवशी कळवा.

प्रश्न: लिलावात पोलिसांची जुनी मोटारसायकल घेतली आहे. दिवे काढलेले आहेत, पण स्विच, वायरी आणि सायरनचा भोंगा तसाच आहे. राहू दिला तर चालेल का? (महू नाका)

भोंगा चालणार नाही. अनेक सुरांचे भोंगे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 119 प्रमाणे खाजगी वाहनाला निषिद्ध आहेत. नोंदणी नावावर होण्यापूर्वी तो काढून घ्या आणि मूळ रंगाबद्दल परिवहन कार्यालयात विचारा. वायरी मात्र नुसत्या कापून टेप गुंडाळून सोडू नका. बॅटरीच्या टोकापासून सोडवून पूर्ण ओढून काढा, कारण कापलेले टोक पावसाळ्यात चेसीला टेकले आणि वाटेत फ्यूज नसला, तर सीटखालीच आग लागते.