वर्गात काही करून न बघता मुलाला थेट तपासणीला पाठवावं का?

ताई, तुमच्या तिसरीतला मुलगा वाचताना अडतो. तुम्हाला आधी वर्गातच प्रयत्न करायचाय, पण सोबतच्या बाई म्हणतात, "ते आपलं काम नाही, विशेष शिक्षकांकडे नाव देऊन मोकळी हो."

मी नाशिकला प्राथमिक शाळेवर 19 वर्षं आहे. सुरुवातीला मीही हेच म्हणायचे. त्या बाईंना कामचुकार समजू नका. वर्ग भरलेला, ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच, आणि 'प्रयत्न करा' म्हणणारं कुणी वर्गात येऊन करून दाखवत नाही.

पण माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून सलते. सुरगाण्याच्या आदिवासी भागातून द्राक्षाच्या कामाला आलेल्या घरातला मुलगा होता. काही विचारलं की खाली मान. महिनाभरात मी त्याचं नाव तपासणीच्या यादीत घातलं. पुढे एकदा पाचवीतल्या मुलीने बैलांचं चित्र दाखवून त्याला कोकणीत, म्हणजे त्यांच्या आदिवासी बोलीत, विचारलं, तर तो थांबेचना! त्याला माझी मराठीच कळत नव्हती. त्यात छाटणी-तोडणीच्या दिवसांत शाळा बुडालेली.

म्हणून एक वही घाला. सहा ते आठ आठवडे, रोज दहा मिनिटं. तारीख, काय करून घेतलं, काय जमलं. 'वाचन कच्चं' असं लिहू नका. 'घर'चं 'धर' वाचतो, 'भ'च्या जागी 'म' लिहितो, काना गाळतो, असं लिहा. एका मुलीचं घ-ध इतकं करूनही सुटलं नाही, तेव्हा ती वहीच मी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेपुढे ठेवली. नेमकं कुठे अडतंय ते त्यांना लगेच दिसलं.

आणि 'आपलं काम नाही' हे खरं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली खास अडचण) येते, ती लवकर ओळखणं त्याच कायद्यात सांगितलंय. दिव्यांगत्वाची लक्षणं टिपायला एनसीईआरटीने केलेल्या 'प्रशस्त' पडताळणी सूचीचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा असतो. निदान मात्र आपण करायचं नाही.

ऐकू कमी येतंय, फळा दिसत नाही, झटके येतात, येत होतं ते विसरतोय, असं काही दिसलं तर आठ आठवडे थांबू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा. पालक तपासणी मागत असतील तर वहीचं कारण सांगून अडवू नका.

सोमवारी वही सुरू करा. पहिल्या पानावर त्याला काय काय येतं ते लिहा.