पत्रा पिळवटतोय!

प्रश्न : २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून पानं कापून भिंतीवर लावायचं शिल्प करतोय. मागच्या चौकटीला वेल्डिंग केलं की पत्रा पिळवटतो. आणि एवढं वजन भिंत पेलेल का?

उत्तर : पिळवटणारच! तापलेलं पोलाद पसरतं आणि निवताना जोडाकडे आक्रसतं. तुम्ही बहुधा एका टोकापासून सलग जोड ओढत नेताय. आधी पत्रा क्लॅम्पने आवळा, सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे कच्चे जोड, मारा, गुण्याने कोन तपासा. मग इंचभर इकडे, इंचभर समोरच्या बाजूला, असे तुटक जोड द्या. मध्ये निवू द्या. घाई असेल तर त्या दिवशी मशीन लावूच नका. भिंतीवरच्या कामाला सलग जोड लागतोच कशाला? खुर्चीच्या पायाला मात्र ही काटकसर चालणार नाही.

वजनाचं म्हणाल, तर या पत्र्याचा १ चौरस मीटर सुमारे १६ किलो भरतो, चौकट वेगळी. खिळ्यावर भिस्त नको, भिंतीला साजेसे अँकर बोल्ट घ्या.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा टाळा. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

आणि जोडाशेजारी पिवळी, जांभळी, निळी झाक उमटते ना, ती ग्राइंडरने उडवू नका. मला कुठल्याही रंगापेक्षा तीच आवडते. पत्रा पुसून कोरडा करा आणि वर पारदर्शक लॅकर मारा, नाहीतर गंज धरेल.