गाडी गरम असतानाच का रुसते?

प्रश्न : माझी २०१४ सालची पेट्रोल गाडी सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. साताऱ्याहून पुण्याला निघालो की खंबाटकीच्या चढावरही पिकअपची तक्रार नाही. पण शिरवळला चहासाठी पंधरा-वीस मिनिटं थांबून परत चावी फिरवली, की इंजिन पेटतं, दोन-तीन सेकंद थरथरतं आणि बंद पडतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर काळा धूर सोडत चालू होतं, पेट्रोलचा वासही येतो. गाडी दुपारभर उभी राहिली तर काही होत नाही. अ‍ॅव्हरेज थोडं घटलंय. इंजिनचा दिवा लागलेला नाही. बॅटरी आणि प्लग बदलून झाले, आता फिटर गाडीतला, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप बदला म्हणतोय. बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. पंप मरायला टेकला असता तर खंबाटकी चढताना गाडीने आधी मान टाकली असती. शिवाय काळा धूर आणि वास सांगतात की पेट्रोल कमी पडत नाही, जास्त होतंय. पंप बदलून जास्तीचं पेट्रोल कमी कसं होणार, हे त्या फिटरना जरूर विचारा.

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणजे इंजिनात नुसती हवा जाते आणि साचलेलं पेट्रोल उडून जातं. तुमची गाडी नेमकी तेव्हाच चालू होते. म्हणजे निम्मं निदान तुम्हीच करून ठेवलंय.

आता हे गरम असतानाच का? इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारा वाराही थांबतो. ब्लॉकमधली सगळी उष्णता बोनेटखाली कोंडते. त्यामुळे थांबल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं इंजेक्टर आणि पेट्रोलची नळी चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. तुमचा चहा बरोबर त्याच वेळेत संपतो.

माझा पहिला संशय कूलंट टेंपरेचर सेन्सरवर आहे. इंजिन किती गरम आहे हे ईसीयूला हाच सांगतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, गरम इंजिनाला कमी. सेन्सर ९० अंशांना ३० अंश म्हणायला लागला, तर ईसीयू गरम इंजिनात थंडीतला खुराक ओततो. मग चालत्या गाडीत हे का जाणवत नाही? तिथे सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर धुराचा अंदाज घेऊन पेट्रोल बरंचसं कमी करतो. पण सेल्फ मारल्यावरचे पहिले काही क्षण त्याचं मत विचारात घेतलं जात नाही. तेवढा वेळ सगळा कारभार टेंपरेचर सेन्सरच्या शब्दावर चालतो, आणि तुमची गाडी तिथेच अडकते. दिव्याचं म्हणाल तर, सेन्सरची वायर तुटली की तो लागतो. सेन्सर बेताने खोटं बोलत असेल तर ईसीयूला ते पटतं, दिवा लागत नाही.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या मुलांना सांगायचो, आधी मोजा, मग पाना हातात घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा आणि मोबाइलवर आकडे दाखवणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मग शिरवळला सेल्फ मारण्याआधी पुन्हा बघा. ८०-९० च्या आसपास आकडा असेल तर सेन्सर निर्दोष. ३०-४० दिसला तर चोर सापडला. फिटरकडे मल्टिमीटर असेल तर सेन्सर काढून पाण्यात तापवूनही बघता येतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास रोध मिळतो. सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर काढून बघा, हिरवा गंज चढलेला असला तरी हाच खेळ होतो.

सेन्सर खरा निघाला तर इंजेक्टर ठिबकत असेल. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, साधारण तीन बारचा दाब असतो. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकायला हवा. दाब मोजायचा गेज लावून वीस मिनिटं बघत बसायचं, एवढंच काम. हे गॅरेजमध्येच करा. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी सोडणं म्हणजे आगीला निमंत्रण. (गाडीला सीएनजी असेल आणि पेट्रोल नावापुरतंच वापरत असाल, तर इंजेक्टरवर चिकटा बसून ते नीट मिटत नाहीत. तसं असेल तर माझ्या यादीत इंजेक्टर वर जातील.)

टाकी फुल्ल केल्यावरच हा त्रास वाढतो का, तेही लक्षात ठेवा. तसं असेल तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का, ते बघावं लागेल.

तोवर एक पथ्य पाळा : चालू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहू नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो भाग या सगळ्या सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.

प्रश्न : वडिलांची कार्ब्युरेटरची जुनी गाडी उन्हाळ्यात थांबली की चालू होत नाही. ते गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवतात. यात तथ्य आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : आहे. त्या गाड्यांचा पंप इंजिनावरच बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पातळ पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. फडक्याने वाफ निवते. मात्र पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना करंट वाटणाऱ्या भागावर) ठिबकू देऊ नका, नाहीतर एक दुखणं जाऊन दुसरं येईल. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घेणं आणि मध्ये पत्र्याची आड लावणं. नळ्या जुन्या रबराच्या असतील तर त्याही बदला. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि तडकतं.