नायजेरियन कॉर्पोरेट क्राइम सिनेमा 'द सीईओ' बघण्यासारखा आहे का?

हो, बघाच. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला खुनाची कोडी आवडतात, पण नॉलिवूड, म्हणजे नायजेरियाची सिनेसृष्टी, म्हणजे नुसता जादूटोणा आणि घरगुती रडारड असं ऐकलंय म्हणून ठरत नाहीये. मी सहा वर्षं नायजेरियातल्या लागोस शहरात इकेजा भागात एका कारखान्यात अकाउंट्सला होतो, तिथल्या एका सहकाऱ्याने मागे लागून मला हा सिनेमा बघायला लावला आणि तेव्हापासून तीनदा बघून झालाय. फक्त एक आधीच सांगतो, 'खुनी कोण' एवढ्यासाठीच बसलात तर थोडी निराशा होईल.

गोष्ट साधी आहे. एका मोठ्या टेलिकॉम कंपनीला नवा सीईओ निवडायचाय, म्हणून आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतले पाच वरचे अधिकारी लीडरशिप ट्रेनिंगसाठी एका रिसॉर्टवर पाठवतात आणि तिथे एकेक जण मरायला लागतो, मग जे उरतात त्यांच्याकडेच संशयाची सुई. दिग्दर्शक कुन्ले अफोलायन, लेखक तुंडे बाबालोला, साल २०१६. शूटिंग लागोसच्याच इनाग्बे रिसॉर्टवर झालंय, आणि पहिला खेळ चक्क एअर फ्रान्सच्या विमानात, हवेत केला होता.

आता खरी बघायची गोष्ट. ट्रेनिंग घेणारी बाई आहे अँजेलिक किजो, हो तीच, बेनिनची ग्रॅमी मिळवलेली गायिका, आणि ती या मोठमोठ्या साहेबांना काय खेळायला लावते तर संगीत खुर्ची! आपण गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये खेळतो तीच. गाणं कधी थांबणार हे फक्त तिला माहीत आणि दरवेळी एक खुर्ची कमी. वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये एकमेकांना गोड बोललेली माणसं त्या खुर्च्यांभोवती फिरताना बघितली ना की पुढे खून नसते दाखवले तरी चाललं असतं असं मला वाटतं, इतकं त्या खेळात सगळं येऊन जातं. ऑफिसात प्रमोशनच्या यादीची वाट बघितलेल्या कोणालाही ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट माणसांची. किजो बेनिनची, जिमी जाँ-लुई मूळचा हैतीचा, फातिम लायाची मोरोक्कोची, निको पनाजिओ दक्षिण आफ्रिकेचा, पीटर किंग केनियाचा, आणि वाले ओजो, हिल्डा डोकुबो हे नायजेरियन. आपल्याकडे 'आफ्रिका' म्हणजे एकच देश असल्यासारखं बोलतात, तर इथे एकाच कंपनीतली माणसं, पण कोणाची ऑफिसची भाषा इंग्रजी, कोणाची फ्रेंच, आणि त्या भेगा सगळीकडे दिसतात. हे मी स्वतः बघितलंय. आमच्याकडे एकदा कोटोनूहून एक डीलर आले होते, कोटोनू म्हणजे शेजारच्या बेनिनमधलं शहर, तिकडे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. तासभर बोलणी अडलेली, आमच्या सेल्सवाल्याला फ्रेंच येईना आणि त्यांचं इंग्रजी तुटकं. जेवायला बसलो, त्यांनी सहज काहीतरी योरुबात पुटपुटलं आणि आमचा सेल्सवाला ताडकन उभाच राहिला, कारण योरुबा त्याचीही मातृभाषा, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच लोक आहेत. जॉलोफ राइस, म्हणजे तिकडचा टोमॅटोचा तिखट भात, संपायच्या आत भाव ठरला! सिनेमातल्या टेबलावर ती माणसं बसली की मला दरवेळी ते जेवण आठवतं.

आणि टेलिकॉम कंपनीच का? तिथे राहिल्यावर हे कळतं. २००१ ला मोबाइल आला तोपर्यंत एवढ्या प्रचंड देशात चालू फोन चार-पाच लाखांच्या आसपास होते, त्यानंतर या धंद्यात जो पैसा आला त्याला तोड नाही. आपल्या एअरटेलने २०१० मध्ये झैन या टेलिकॉम कंपनीचा आफ्रिकेतला कारभार १०.७ अब्ज डॉलरना घेतला त्यात नायजेरियाही होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने एमटीएन या मोबाइल कंपनीला ५.२ अब्ज डॉलरचा दंड ठोकला, नोंदणी नसलेली सुमारे ५२ लाख सिम वेळेत बंद केली नाहीत म्हणून, एका सिममागे दोन लाख नायरा (तिथलं चलन). पुढच्याच महिन्यात एमटीएन ग्रुपच्या सीईओंनी राजीनामा दिला, आणि जून २०१६ मध्ये दंड कमी होऊन ३३० अब्ज नायरावर आला. त्या दिवसांत सिम रजिस्टर करायला मीही रस्त्याकडेला छत्रीखाली मांडलेल्या टेबलापुढे रांगेत उभा होतो, पुढच्या आजोबांचं बोट मशीन घेईना, ते शर्टाला पुसून पुसून परत लावत होते आणि मागचे सगळे 'बाबा, हळू, हळू' म्हणून धीर देत होते. सिनेमा त्या दंडावर नाहीये, पण तो तिथे लागला त्याच वर्षी, त्यामुळे टेलिकॉमच्या सीईओची खुर्ची म्हणजे काय हे लागोसमध्ये कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

कच्च्या बाजू आहेत. पोलीस तपासाचा भाग मला ढिला वाटला, सुरुवातीला ओळखी करून देण्यात बराच वेळ जातो, आणि काही पात्रं नीट कळायच्या आत मरतात त्यामुळे त्यांचं वाईट वाटायला वावच मिळत नाही. पण कॅमेरा, आवाज, त्या रिसॉर्टचा एकटेपणा, हे सगळं अफोलायनने मनापासून केलंय. शेवट सांगत नाही.

जादूटोण्याबद्दल म्हणाल तर तसे सिनेमे तिथे भरपूर आहेत, १९९० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर हा धंदा उभा राहिला तेव्हापासून, आणि त्यातलेही काही चांगले आहेत. पण तुम्हाला कोडं नीट सुटलेलंच हवं असेल तर याच दोघांचा, म्हणजे अफोलायन आणि बाबालोलाचा, २०१४ चा 'ऑक्टोबर १' आधी बघा, स्वातंत्र्याच्या तोंडावरचा १९६० चा काळ, एका गावात मुलींचे खून आणि तपासाला आलेला पोलीस अधिकारी. तो माझ्या मते जास्त घट्ट आहे. मग 'द सीईओ'. आणि सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी असलं तरी, मला त्यांचा उच्चार कानात बसायला लागोसमध्ये राहूनही वर्ष लागलं होतं.