जोडीदाराच्या स्वप्नात माझी जागा कोणती?

जोडीदाराने मनापासून निवडलेली जीवनपद्धती आपल्याला झेपत नाही असे सांगणे म्हणजे स्वार्थीपणा आहे का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेक रूपांत येतो. कोणाला शहर सोडून शेतीवर जायचे असते, कोणाला नोकरी सोडून व्यवसाय करायचा असतो. हा प्रश्न मी सर्वांत तीव्रपणे ऐकला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिडाच्या नौकेवर राहणाऱ्या एका मराठी पत्नीकडून. दांपत्याच्या संमतीने मी त्यांची कहाणी लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघेही संगणक क्षेत्रात काम करणारे. घरभाड्याला कंटाळून त्यांनी ३६ फुटांची जुनी फायबरग्लासची नौका विकत घेतली. त्या उपसागरातील मरीनांमध्ये, म्हणजे खासगी नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यांवर, साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच जागा नौकेवर कायम राहणाऱ्यांना देता येतात, त्यामुळे परवानगीसाठी त्यांना बराच काळ थांबावे लागले होते. इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेल्या जागेबद्दल तक्रार करणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटत होते.

पहिल्या सत्रात पत्नीने आधी सुखेच सांगितली, आणि ती खरी होती. धक्क्यावरचे शेजारी वादळाच्या रात्री न बोलावता दोरखंड तपासायला येतात. सकाळी धुके विरताना सील डोके वर काढतात. पाणी टाकीत मोजके आणि वीज बॅटरीत मोजकी असल्यामुळे प्रत्येक वापराचे भान राहते, आणि कर्जही फिटत आले आहे. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, या बोटीवर मी पाहुणी आहे, फक्त पाहुणचार मला करावा लागतो.”

पावसाळा तिकडे हिवाळ्यात येतो. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड फायबरग्लासवर आतून जमते, गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते, कपाटातल्या कपड्यांना ओलसर वास येतो. शौचालयाची टाकी ठरलेल्या ठिकाणी नेऊन उपसून घ्यावी लागते, कारण किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेले मैलापाणी सोडण्यास अमेरिकेत मनाई आहे. रात्री वारा सुटला की दोरखंड डोलकाठीवर आपटत राहतात. एखादे पातेले काढायचे तर आधी बैठकीच्या गाद्या उचलाव्या लागतात, आणि पतीची कार्यालयीन बैठक सुरू असेल तर तेही आवाज न करता.

कोणते काम कोण करते आणि ते कोणी निवडले, हे मी दोघांना वेगवेगळे लिहायला सांगितले. पती आळशी मुळीच नव्हते. इंजिन, शिडे आणि विजेच्या तारा यांवर ते सुट्टीचे दिवसच्या दिवस घालवत. पण ती कामे त्यांनी स्वतः निवडलेली होती आणि प्रत्येक काम संपल्यावर दिसणारे होते. वाळवणे, पुसणे, सामान भरणे, अंथरूण घडी करून टेबल मोकळे करणे ही पत्नीची कामे रोज नव्याने उरत. शिवाय ‘आमची’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या नौकेचे इंजिन सुरू करणे त्यांना येत नव्हते. पती आजारी पडले तर नौका धक्क्यापासून हलवता येणार नाही, ही भीती त्यांनी कधी उच्चारलीच नव्हती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्विन ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात नौदलातील तरुणांच्या जोड्या दिवसचे दिवस एका लहान खोलीत ठेवून त्यांच्या वागणुकीचा अभ्यास केला होता. माझी जागा, तुझी जागा हे ज्यांनी लवकर ठरवले, त्यांचे एकत्र राहणे अधिक सुरळीत चालले, असे त्या कामातून दिसले. माझा अनुभवही तसाच आहे: लहान जागेपेक्षा न ठरवलेली जागा अधिक छळते.

म्हणून पुढची केबिन दिवसभर पत्नीची राहील, दार लावलेले असेल तर हाक मारूनच आत जायचे, असे ठरले. बुरशीसाठी गादीखाली पट्ट्यांची चौकट आणि हवेतील ओल शोषणारे यंत्र बसवून घ्यायला मी आग्रहाने सांगितले. ज्या त्रासाला साधा उपाय आहे तो सहनशीलतेचा विषय करू नये, असे माझे ठाम मत आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पतीकडून शिकताना प्रत्येक वेळी भांडण होत असल्याने पत्नीने बाहेरच्या प्रशिक्षिकेकडे नौकानयनाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. वाऱ्याचा अंदाज घेऊन नौका स्वतः धक्क्याला लावता येऊ लागल्यावर त्यांच्या तक्रारींचा सूर बदलला. “तुझी बोट गळते आहे” ऐवजी “झडपेची चकती बदलायला हवी” असे त्या बोलू लागल्या.

तरीही हिवाळा त्यांना नको वाटतो, आणि त्यासाठी त्या स्वतःला बदलणार नाहीत. नोव्हेंबर ते मार्च जमिनीवर भाड्याची खोली आणि उरलेले महिने नौकेवर, असा तोडगा दोघांनी काढला. त्यात बचत कमी झाली हे पतीला खटकते, आणि तसे ते उघडपणे सांगतात.

मेक्सिकोचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पतीला दक्षिणेकडे लांबचा प्रवास करायचा आहे. पूर्व प्रशांत महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो आणि तो ओसरू लागल्यावरच नौका तिकडे निघतात. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात एकदा, आणि त्याच वेळी, या विषयावर बोलायचे असे ठरले आहे. यंदा पत्नीचे उत्तर ‘नाही’ असे होते. त्यांनी ते माफी न मागता दिले. पुढे ढकललेल्या स्वप्नाचे दुःख घेऊन आता पती स्वतंत्रपणे माझ्याकडे येत आहेत, आणि त्या दुःखालाही पुरेसा वेळ मिळायला हवा.