रिस्टार्टनं बॅकअप दुरुस्त होत नाही, पुरावा तेवढा पुसला जातो

तुम्ही विचारलंय की विंडोज सर्व्हरवरचा रात्रीचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती पकडणारा) बॅकअप आठवड्यातून दोन-तीनदा ‘रायटर टाइम आउट’ म्हणून पडतो, रिस्टार्ट केलं की चालतो, तर रोज पहाटे आपोआप रिस्टार्ट लावून टाकावा का.

नाही. अजिबात लावू नका.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात मी सहा वर्षं होतो. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, वर एक साहेब. आमचाही बॅकअप असाच पडायचा. साहेब सकाळी आले की पहिलं वाक्य, “रिस्टार्ट मार.” मारला की दुपारी हातानं घेतलेला बॅकअप व्यवस्थित व्हायचा आणि विषय संपायचा. मला ते पटत नव्हतं. व्हीएसएस ही विंडोजची स्नॅपशॉट घेणारी यंत्रणा. तिचा एखादा रायटर, म्हणजे स्नॅपशॉटसाठी एखाद्या प्रोग्रॅमचा डेटा तयार करून देणारा भाग, एकदा ‘फेल्ड’ झाला की बऱ्याचदा तसाच अडकून राहतो. रिस्टार्टनं तो पुन्हा ‘स्टेबल’ दिसतो, पण रात्री तो का अडकला हे सांगणारी खूणही त्याच रिस्टार्टमध्ये जाते.

मग बॅकअप पडला की मी टेबलामागच्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल फुली मारायला लागलो. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं: फुल्या फक्त सोमवार, बुधवार आणि शनिवारच्या चौकोनात. मंगळवारी एकही नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे ठरल्या वेळी चालणारे जॉब उघडून बघितले तर ईआरपीवाल्यांनी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हेंडरनं) याच तीन रात्री अकराला इंडेक्स रिबिल्ड, म्हणजे डेटाबेसच्या सूची नव्यानं बांधायचं काम, लावून ठेवलेलं, आणि आमचा बॅकअप सव्वाअकराला. दर वेळी का पडत नव्हता तेही कळलं. तो जॉब फक्त जास्त विस्कटलेले इंडेक्स बांधायचा, म्हणून कधी दहा मिनिटांत आटपायचा, कधी तासभर चालायचा.

स्नॅपशॉट घेताना डेटाबेसला क्षणभर थांबवतात. रायटरला त्यासाठी जास्तीत जास्त ६० सेकंद मिळतात, आणि डिस्कवरचं लिखाण तर १० सेकंदांहून जास्त अडवून धरता येत नाही. डिस्क आधीच रिबिल्डखाली दबलेली असेल तर ही वेळ पाळली जात नाही. बिघाड कशातच नव्हता, दोन कामं एकमेकांच्या वाटेत येत होती.

हे मी साहेबांना कालनिर्णय दाखवून सांगितलं. उत्तर आलं, “व्हेंडरच्या जॉबला हात लावायचा नाही. रिस्टार्टनं चालतंय ना?”

पुढच्याच महिन्यात बुधवारी रात्री बॅकअप पडला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी आणि महावितरणचं दुरुस्तीसाठी शटडाउन. संध्याकाळी लाइट आली, सर्व्हर उठला नाही. रेड ५ (एकच डिस्क गेली तर तग धरणारी डिस्कची जोडणी) मधल्या दोन डिस्क एकदम गेल्या होत्या. हातात मंगळवार रात्रीचा बॅकअप. सुट्टीच्या आदल्या दिवशी डिस्पॅच सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे बुधवारची ११४ चलनं गेली. स्टोअरमधल्या ताई आणि मी शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत कार्बन कॉपीवरून ती परत भरत होतो. साहेब म्हणाले, “एकाच दिवसाचं तर गेलं.” त्या ताईंचा मुलगा घरी तापानं पडलेला होता. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

नवीन सर्व्हरवर मी रिबिल्ड पहाटे साडेतीनला नेलं, न विचारता. त्यानंतर नोकरी सोडेपर्यंत त्या कारणानं एकही फुली पडली नाही.

तर तुम्ही आधी वार लिहून काढा. पडल्यावर रिस्टार्टच्या आधी ‘व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स’ ही कमांड चालवून कोणता रायटर अडकलाय ते बघा. एसक्यूएलचा असेल तर ‘एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर’ ही सर्व्हिस तेवढी रिस्टार्ट करा, सिस्टम रायटर असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस. अख्खा सर्व्हर कशाला पाडायचा? मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी तिथे दिसतात) त्याच मिनिटाला आणखी काय चालू होतं ते शोधा: अँटिव्हायरसचा फुल स्कॅन, दुसरा जुना बॅकअप प्रोग्रॅम, काहीही. तिथे व्हॉलस्नॅप या स्नॅपशॉट सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची २५ नंबरची नोंद दिसली तर प्रकरण वेगळं. लिखाणाच्या जोरापुढे स्नॅपशॉटची जागा वेळेत वाढू शकली नाही, म्हणून स्नॅपशॉटच पुसला गेला. ती जागा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.

हे सगळं विंडोजपुरतं. लिनक्सवर एलव्हीएमचा (डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) साधा स्नॅपशॉट असेल तर तो पूर्ण भरला की बाद होतो, ‘एलव्हीएस’ कमांडमध्ये टक्के बघत राहा. आणि व्हीएमवेअरचा (एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट ठेवून त्यालाच कोणी बॅकअप म्हणत असेल तर आजच थांबवा, तो मूळ डिस्कवरच उभा असतो. मूळ गेली की तोही गेला.

रिस्टार्ट कधीच करू नये असंही नाही. अपडेट अर्धवट अडकलं असेल तर करावाच लागतो. पण आधी ‘लिस्ट रायटर्स’चं आउटपुट नोटपॅडमध्ये सेव्ह करा. तुमचे साहेब घाई करतील, त्यांना सांगा दोन मिनिटं लागतील. पुढच्या वेळी पडला की ते आउटपुट आणि पडलेले वार इथे टाका, मी बघतो.